हिराबुकींनी परत पाठवलेला चष्मा

ओसाकातल्या नदीकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात माणसं काय काय विसरून जातात, याचा अंदाज बाहेरच्याला येणार नाही. छत्र्या आणि मोजे सोडून द्या, ते माणूस कुठेही विसरतो. पण इथे एक गृहस्थ वरची कवळी विसरले आणि खालची तेवढी घेऊन गेले. आणखी एकांनी लग्नाची अंगठी साबणाच्या बशीत ठेवली, आणि दोन दिवसांनी फोन करून फक्त छत्रीची चौकशी केली. छत्री त्यांना मिळाली. अंगठीबद्दल त्यांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना कुणी सांगितलं नाही.

या सगळ्या ऐवजाचे राखणदार म्हणजे तामोत्सु हिराबुकी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या. मग पाठ गेली, आणि हॉटेलने त्यांना तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी, एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. तिथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, तारीख घालायची आणि वाट पाहायची, एवढंच काम. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. कवळीच्या चिठ्ठीवरसुद्धा ते कुंचल्याने लिहीत.

या खात्याचा नियम एकच. पाहुण्याने विचारलं तर वस्तू द्यायची. नाही विचारलं तर तीन महिने सांभाळून पोलिसांकडे सोपवायची. हॉटेलने आपणहून पाहुण्याच्या घरी काही म्हणजे काही कळवायचं नाही. कारण उघड आहे. उतरलेला माणूस घरी काय सांगून आलाय हे हॉटेलला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसणं हीच हॉटेलची खरी सेवा. मऊ गाद्या काय, कुठेही मिळतात.

हा नियम हिराबुकींनी सहा वर्षं पाळला, नव्या लोकांना तोंडपाठ करायला लावला, आणि एकदाच मोडला. एकदाच मोडला, असं ते स्वतःला पुष्कळदा सांगत. त्याने काही फरक पडत नसे.

सुमिएबाई ओगिनो पहिल्यांदा आल्या तेव्हा हिराबुकी अजून बॅगाच उचलत होते. साठीच्या आसपासची, गावाकडच्या बेताच्या कपड्यातली बाई. हिराबुकींनी सवयीने जोर लावून बॅग उचलली आणि त्यांचा हात झटक्यात खांद्यापर्यंत वर गेला.

"हलकी आहे ना?" बाई ओशाळून म्हणाल्या. "नुसती दाखवायला आणलीय."

कुणाला दाखवायला, हे हिराबुकींनी विचारलं नाही. तेव्हा ते हुशार होते.

त्यानंतर दर नोव्हेंबरात त्या येत. एकट्या, एक रात्र, चौदाव्या मजल्यावरची नदीकडची तीच खोली. दुपारी दोनला येत, अंड्याचं सँडविच मागवत, हॉटेलचा झगा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. ओसाकात बघण्यासारखं पुष्कळ आहे. सुमिएबाईंनी त्यातलं काहीही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाराला जाताना टेबलावर हॉटेलच्याच कागदाची एक चिठ्ठी असे: "चौदा तास झोपले. कुणी उठवलं नाही. आभार."

या चिठ्ठ्या त्या मजल्याची साफसफाई पाहणाऱ्या हामुरोबाई जपून ठेवत. त्या हिराबुकींपेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या आणि तोंडाने दहा वर्षांनी. "एवढं मोठं हॉटेल," त्या म्हणत, "लोक येतात, गालिचाला नाव ठेवतात, नदीला नाव ठेवतात. ही एकच बाई जिला नेमकं काय हवंय ते कळलंय."

नवव्या वर्षी सुमिएबाई चष्मा विसरल्या.

तपकिरी काड्यांचा, जुना. एका काडीचा स्क्रू पडलेला, त्या जागी शिवणाचा दोरा बांधलेला. हिराबुकींनी चिठ्ठी बांधली आणि वाट पाहिली. आठ दिवस गेले तरी बाईंचा फोन नाही. समंजस माणसाला यावरून कळलं असतं की बाईंना फोन करायचा नाहीये. हिराबुकींना कळलं की बाईंना संकोच वाटतोय. त्यांना ती हलकी बॅग आठवली, दोरा बांधलेली काडी दिसली, आणि एक बाई आठवडाभर वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचतेय असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत पुलापलीकडच्या चष्मेवाल्याकडे जाऊन त्यांनी स्क्रू बसवून आणला. काचा स्वतः पुसल्या.

"वर विचारलंत का?" हामुरोबाई दारात उभ्या होत्या.

"चष्मा आहे, हामुरोबाई. हिऱ्यांची कंठी नाही."

"कंठी असती तर विचारलं असतंत."

"त्यांना दिसत नसेल हो बिचाऱ्यांना."

"त्यांना बरोबर दिसतं. तुमचंच मला काही खरं दिसत नाही." एवढं बोलून त्या गेल्या. त्यांच्या अजून बारा खोल्या साफ व्हायच्या होत्या.

मग हिराबुकी पत्र लिहायला बसले. दोन ओळी पुरल्या असत्या. पण अक्षर सुंदर असलं की माणसाला मजकूर वाढवायचा मोह होतो. त्यांनी लिहिलं की चष्मा सोबत पाठवत आहोत. मग लिहिलं की गेली नऊ वर्षं दर नोव्हेंबरात आपण आमच्याकडे उतरता हा आमचा सन्मान आहे. मग कुंचल्यात अजून शाई होती म्हणून लिहिलं की खिडकीजवळची आपली खुर्ची पुढल्या वर्षीही आपली वाट पाहील. पत्र लांब धरून पाहिलं. 'वाट' हा शब्द विशेष साधला होता. हॉटेलात उतरताना भरलेल्या कार्डावर पत्ता होता: तात्सुनो, ओगिनो सोया सॉसवाले. पुडकं त्याच दुपारी टपालात पडलं.

चार दिवसांनी फोन आला. जाडसर, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा आवाज.

"तात्सुनोहून ओगिनो बोलतोय. चष्मा पोचला. स्क्रूसुद्धा बसवून दिलात, फार उपकार झाले."

"अहो, ते तर आमचं—"

"नऊ वर्षं म्हणे."

शेजारच्या खोलीत यंत्रं चादरी घुसळत होती.

"आमची ही दर नोव्हेंबरात साकाइला जाते," आवाज सावकाश म्हणाला. "थोरल्या बहिणीच्या थडग्यावर फुलं वाहायला. रात्री मैत्रिणीकडे राहते. मला नऊ वर्षं हे असं माहीत आहे. तेव्हा तुम्हाला एकच विचारतो. ती तुमच्याकडे एकटी उतरते का?"

'हो' म्हणायला किती वेळ लागतो? एका शब्दात सगळं मिटलं असतं, आणि शब्द खराही होता. पण हिराबुकी नियम मोडून नुकतेच तोंडावर आपटले होते, आणि आपटलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. त्यांच्या हाताला नियम लागला.

"क्षमा करा," ते म्हणाले. "आमच्या पाहुण्यांविषयी कुठलीही माहिती देण्याची आम्हाला परवानगी नाही." ज्या सुरात म्हणायचं शिकवलं जातं त्याच सुरात म्हणाले. तो सूर त्यांनी स्वतःच कित्येकांना शिकवला होता.

"असं होय," ओगिनो म्हणाले. "म्हणजे देण्यासारखी माहिती आहे तर." फोन बंद झाला.

गप्प बसायचं तिथे हिराबुकींनी पानभर लिहिलं होतं, आणि एक शब्द बोलायचा तिथे ते गप्प बसले होते. ही गोष्ट त्यांनी वर कळवली नाही. कळवली असती तर वरच्यांनी कान उपटले असते आणि थोडं बरं वाटलं असतं. ते बरं वाटणंही त्यांनी स्वतःला नाकारलं. जेवायला बसले की घास हातात राही. गिऱ्हाईक समोर असताना ते छत्रीची तारीख चुकीची वाचू लागले.

जपानात चूक झाली की माणूस काळा सूट घालतो, चांगल्या दुकानातली मिठाई घेतो आणि ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन कमरेत वाकतो. ही सोय फार जुनी आहे आणि बहुतेक चुकांना पुरते. हिराबुकींनी योकान आणले, लाल चवळीच्या गोड वड्या, लाकडी पेटीतल्या. आणि पेटी घरी आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हॉटेलच्या माणसाने ओगिनोंच्या दारात जाणं म्हणजे तीच चूक पुन्हा, या वेळी मिठाईसकट.

पेटी चार आठवडे कपाटावर पडून राहिली.

"अहो, मग मला तरी खाऊ द्या," त्यांची बायको याचिओ म्हणाली. "मीच करते तुम्हाला माफ."

"चेष्टा नकोय."

"मी कुठे चेष्टा करतेय? महिना झाला, घरात मयत झाल्यासारखे बसलाय. दुकान आहे ना त्यांचं? मग जा की गिऱ्हाईक होऊन. सोया सॉस घ्यायला आलेल्याला कोण विचारतंय, का आलास म्हणून?"

जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी हिराबुकी ती पेटी घेऊन तात्सुनोला उतरले. सगळ्या गावाला आंबवलेल्या सोयाबीनचा खारट वास होता. ओगिनोंचं दुकान नदीजवळच्या गल्लीत सापडलं. ते आत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

समोरच्या भिंतीवर, अग्निशमन दलाचं प्रशस्तिपत्र आणि कॅलेंडर यांच्या मधोमध, काळ्या चौकटीत, काचेखाली, त्यांचं पत्र टांगलेलं होतं.

"वाचताय? वाचा, वाचा!" गल्ल्यामागून एक गोलमटोल गृहस्थ उठले. फोनवरचा आवाज तोच, पण आता त्याला ऊन लागलेलं होतं. "ओसाकातलं केवढं मोठं हॉटेल आहे! आमच्या हिला त्यांनी आपणहून लिहिलंय. खुर्ची वाट बघते म्हणतात. खुर्ची! सगळी गल्ली वाचून गेली. देवळातले महाराजसुद्धा येऊन गेले, म्हणाले, अक्षर बघण्यासारखं आहे."

"हो," हिराबुकी म्हणाले. "आहे."

"आधी मला वाटलं, भानगड आहे काहीतरी. खोटं कशाला सांगू? तीन दिवस जेवलो नाही."

"दोन दिवस," आतून बाईचा आवाज आला. "तिसऱ्या दिवशी तीन वाट्या भात खाल्लात."

सुमिएबाई ओल्या बाटल्यांचं तबक घेऊन बाहेर आल्या. हिराबुकींना पाहून त्यांची पावलं थांबली. बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. मग त्यांनी तबक खाली ठेवलं आणि एकेक बाटली पुसायला घेतली.

"मग हिनं साकाइच्या मैत्रिणीला बोलावून घेतलं," ओगिनो सांगत होते. "ती म्हणाली, एकटी जाते, झोपते, परत येते. हॉटेलवाल्यांना विचारलं तर ते नुसते चाचरले. नऊ वर्षं झोपायला ओसाकाला! मी म्हटलं, अगं, घरी गादी नाही का?"

"गादी आहे," सुमिएबाई बाटली पुसत म्हणाल्या.

"आहे की नाही? पण मी रागावलो नाही हो. उलट म्हटलं, इतकी वर्षं एकटी कशाला गेलीस? यंदा मीही येणार. दोघांची खोली घेणार. बघू तरी ती खुर्ची! तुम्ही कुठले?"

"कोबेचा," हिराबुकी म्हणाले. ओसाका शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

त्यांनी दिसली ती मोठी बाटली घेतली. ओगिनो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पत्र दाखवायला वळले, आणि सुमिएबाई बाटली कागदात गुंडाळू लागल्या.

"बॅग उचलायचात, ते तुम्हीच ना?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

"हो."

"आणि अक्षर?"

"माझंच."

त्यांनी कागदाची कडा नीट मुडपली. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "रोज समोर असतं."

हिराबुकी मिठाईची पेटी तशीच हातात घेऊन गाडीत बसले. याचिओने त्या संध्याकाळी योकान खाल्ले. माफीचं तिने पुन्हा काढलं नाही.

नोव्हेंबरात आरक्षण आलं: ओगिनो, दोघं, एक रात्र, चौदावा मजला. या वेळी बॅगा तीन होत्या आणि तिन्ही भरलेल्या.

साडेतीन वाजता हामुरोबाई तळघरात आल्या. "बोलतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"नवरा. दोनपासून बोलतोय. पडदा किती भारी असेल, नदी किती खोल असेल, सँडविच एवढंसं का. अंघोळीच्या टबात बसूनसुद्धा बोलतोय, दार उघडं टाकून. खुर्चीत तोच बसलाय. ती पलंगाच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन. बस यायची असल्यासारखी."

हिराबुकींनी कुंचला धुतला, कोट चढवला आणि चौदाव्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं.

"अहो, तुम्ही तर कोबेवाले!" ओगिनो झग्यात उभे होते.

"मूळचा कोबेचा," हिराबुकींनी वाकून खोटं पुरं केलं. "नोकरी इथे. ते पत्र मीच लिहिलं."

ओगिनोंना झालेला आनंद पाहवत नव्हता. सुमिएबाई नदीकडे पाहत होत्या.

"आपली हरकत नसेल तर," हिराबुकी म्हणाले, "आमचं हरवल्या वस्तूंचं खातं दाखवावं म्हणतो. बाहेरच्या कुणाला दाखवत नाही. जागा लहान आहे, त्यामुळे एका वेळी एकच जण येऊ शकतो."

ओगिनोंनी झगा काढून पँट चढवेपर्यंतसुद्धा दम धरला नाही; पट्टा त्यांनी लिफ्टमध्ये लावला. मग हिराबुकींनी त्यांना कवळी दाखवली. अंगठी दाखवली. चौतीस काठ्या दाखवल्या आणि प्रत्येकीची हकिकत सांगितली. ज्यांची हकिकत नव्हती त्यांची रचली. परक्यांच्या वस्तू परक्याला दाखवणं हा नोकरी जाण्याजोगा गुन्हा, पण आता कुठला नियम कितव्यांदा मोडला हे मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं. ओगिनोंनी एक टोपी घालून पाहिली. एका बाहुलीशी बोलले. पावणेतीन तास झाले तेव्हा हिराबुकींची पाठ फळीसारखी झाली होती आणि ओगिनोंनी दुसरं कपाट उघडायला सांगितलं. ते त्यांनी उघडलं.

"झोपली होती," हामुरोबाईंनी नंतर सांगितलं. "खुर्चीतच. तोंड उघडं टाकून, अगदी गाढ. पावणेतीन तास."

दुसऱ्या दिवशी जोडपं गेल्यावर हामुरोबाईंनी चष्मा आणून टेबलावर ठेवला. तोच, तपकिरी काड्यांचा. वर खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, घडी घातलेल्या रुमालावर मिळाला होता.

"विसरलेली वस्तू रुमालावर नसते," त्या म्हणाल्या.

"चष्मा लावणारे ठेवतात रुमालावर. काच खरवडू नये म्हणून."

"मग बसा वाट बघत," हामुरोबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी फोन आला. "आमची ही पुन्हा विसरली हो!" ओगिनो हसत होते. "द्या पाठवून मागच्यासारखा. आणि सोबत चार ओळी लिहा. भिंतीवर जागा केलीय."

"टपालाने पाठवत नाही," हिराबुकी म्हणाले.

"मागे पाठवलात की."

"ती चूक होती." हिराबुकी खुर्चीतून उठून उभे राहिले. "ती माझी चूक होती. फार मोठी चूक होती. त्याबद्दल मी अगदी मनापासून क्षमा मागतो." आणि फोन कानाला लावून, बिनखिडकीच्या त्या खोलीत, ते कमरेत पुरते वाकले.

"अहो, चष्म्याचं एवढं काय!" ओगिनो घाबरले.

"ज्याची वस्तू त्याला स्वतः यावं लागतं. सहीचा शिक्का घेऊन. एकट्याने, म्हणजे खोली लहान आहे म्हणून. आणि कागदपत्रं एका दिवसात आटपत नाहीत."

"म्हणजे राहावं लागणार?"

"बहुतेक."

"मोठ्या जागेचे नियमही मोठे," ओगिनो आदराने म्हणाले.

त्यानंतरचे तीन आठवडे हिराबुकींना वाईट गेले. बाई खरोखरच विसरल्या असतील तर? तर वर्षअखेरीच्या गडबडीत, दुकानात गर्दी असताना, एक बाई चष्म्यावाचून लेबलं चिकटवतेय, आणि तीही त्यांच्यामुळेच. विचारायची सोय नव्हती. आपणहून घरी काही कळवायचं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर सुमिएबाई आल्या. एकट्या. शिक्का मुठीत होता. त्यांनी चष्मा घातला, आणि हिराबुकींकडे, बहुधा पहिल्यांदाच, नीट पाहिलं.

"कागद फार आहेत का?"

"उद्या बारापर्यंत चालतील."

त्यांनी मान हलवली. चष्मा मुद्दाम ठेवला होता की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. हिराबुकी पाठ विसरून बॅग उचलायला वाकले, जुन्या हिशेबाने, हलक्या हाताने; आणि बॅग जमिनीवरून हललीच नाही.

"सोया सॉस आहे," सुमिएबाई म्हणाल्या. "सहा बाटल्या. त्यांनी तुमच्यासाठी दिल्यात. अक्षर सुंदर आहे म्हणून." मग लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "आठला फोन करणार आहेत."

हिराबुकींनी दोन्ही हातांनी बॅग उचलली आणि चौदाव्या मजल्यापर्यंत नेली. माफी मागायची ती चुकीच्या माणसाकडे मागून झाली होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला हामुरोबाईंनी त्यांच्यापुढे चिठ्ठी ठेवली. "नऊ तास झोपले. फोन आला होता. आभार."

"पूर्वी चौदा असायचे," हामुरोबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," हिराबुकी म्हणाले.